अंधारमास्तरांचा अर्धा तास

इरा, निहार, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की बारीकसा तारा रोखून पाहिला की नाहीसा होतो. त्यावरचा उपाय मला एका माणसाने शिकवला होता. विसरायच्या आत लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांच्या सांगलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक निवृत्त सुभेदार कामाला होते. गाव कराडजवळचं. जवानांना रात्री कितपत दिसतं हे तपासण्यात त्यांची फौजेतली बरीच वर्षं गेली, म्हणून आम्ही त्यांना अंधारमास्तर म्हणत असू. काळोख्या खोलीत ते दिवा न लावता शिरत आणि कधी कशाला धडकत नसत.

त्यांची तपासणी भर दुपारी चाले. खोलीला जाड काळा पडदा. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून आत अर्धा तास गप्प बसायचं, मग मिणमिणत्या उजेडात ते पांढऱ्या कागदाच्या, एका जागी फट ठेवलेल्या कड्या दाखवत. कडीची फट कोणत्या बाजूला आहे, ते सांगायचं.

एकदा त्यांचे जावई रजेवर आले ते तोंड पाडूनच. पलटणीतले पहिल्या नंबरचे नेमबाज, पण या तपासणीत नापास. रजेनंतर फेरतपासणी होती. तीत हुकले तर गस्तीची तुकडी सुटणार आणि कोठारात बसावं लागणार. त्यांनी सासऱ्यांकडे तिथल्या कड्यांचा क्रमच मागितला, पाठ करायला.

मास्तर शांतपणे म्हणाले, “जावईबापू, गस्तीवर समोरचा काय मी सांगितल्या क्रमानं येणार हाय व्हय?”

मग त्यांना पडद्याआड बसवलं. पंचवीस मिनिटं झाली असतील. जावयाचा मान म्हणून मी चहा घेऊन गेले आणि पडदा सारला. लख्ख ऊन आत शिरलं.

“वैनीसाहेब, चा झकास हाय, पर पाव्हण्यांचा अर्धा तास सांडला तुमी.”

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी बाहेर स्टुलावर पहाऱ्याला बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. जावयांना एकही फट सांगता येईना. मास्तर हसले.

“आवं, नेम कशाला धरताय? कडीकडं न्हाई, तिच्या जरा बाजूला बगा. अंदारात डोळ्याच्या मधल्या जागंला दिसत न्हाई, कडंच्या जागंला दिसतं.”

मग जावई हळूच म्हणाले, “दिसली. डावीकडं हाय.” त्यानंतर त्यांची एकही कडी चुकली नाही.

जावई गस्तीतच राहिले. तसं पत्र आलं, तेव्हा मास्तरांनी ते दवाखान्यात प्रत्येकाला दाखवलं, डोळ्यांवर पट्टी असलेल्यांनाही.

पुढे ते साताऱ्याला लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. सांगली सोडताना तो काळा पडदा मला देऊन गेले होते. तो कपाटात घडी करून ठेवला आहे. वीज गेली की मी अजूनही काडेपेटीच्या जरा बाजूला बघते, आणि ती दिसते.