खांबाचं पोट

मॅडम वास्तुकलेच्या कॉलेजात जुन्या इमारतींचा इतिहास शिकवायच्या. विषय त्यांच्या जिवाभावाचा, पण खिडक्या लावून पडद्यावर ग्रीक देवळांचे फोटो सुरू झाले, की वर्गात माना डुलायला लागायच्या. एकदा त्यांनी मधेच दिवे लावले, तर पहिल्या बाकावरची उंचच उंच मुलगी वहीवर गाल टेकून गाढ झोपलेली. तिला सगळे शिडी म्हणत. तिला उठवणं मॅडमच्या जिवावर आलं.

त्या संध्याकाळी मॅडम तोंड पाडूनच घरी आल्या. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीतच त्याचं टेबल. साच्यात प्लास्टर ओतता ओतता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, इतकी वर्षं तोंडाने सांगतेयस. एकदा त्यांच्या हातांना काम दे की."

"देवळाचा खांब म्हणजे काय दाढ वाटली का तुम्हाला?"

"दाढच. जरा वाढलेली."

मॅडम फणकारल्या खऱ्या, पण ते डोक्यातून जाईना. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वर्गात सांगून टाकलं, की यंदा निबंध नाही. प्रत्येक गटाने जुन्या ग्रीक देवळातल्यासारखा एक खांब घडवायचा, कमरेइतका उंच. नवरा काम बंद ठेवून प्लास्टरची पोती घेऊन आला आणि कसं कालवायचं ते पोरांना दाखवू लागला.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. कुणीतरी उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतलं आणि ते आत घट्ट बसलं. प्राचार्य तावातावाने आले.

"मॅडम, हे कॉलेज आहे की बांधकामाची साइट?"

"दोन्ही असलं तर बिघडलं कुठे, सर?" मॅडम बोलून गेल्या, आणि मग स्वतःच चपापल्या.

सगळ्यांची रवानगी स्कूटरच्या शेडमागच्या अंगणात झाली. ते एका अर्थी बरंच झालं. तिथे ऊन होतं आणि लांब जाऊन बघायला जागा होती.

शिडीच्या गटाचा खांब साच्यातून पट्टीसारखा सरळ निघाला. गटातली मुलं खूश, पण शिडीचं काही समाधान होईना.

"हा मधे खंगल्यासारखा दिसतोय."

"अगं, मोजलाय आपण! सरळच आहे."

"मोजलाय ते ठीक. दिसतोय का सरळ?"

ती लांब जाऊन बघायची, परत यायची, चमच्याने मधोमध थोडं प्लास्टर चढवायची, घासायची, पुन्हा लांब जायची. दुपार उलटली तरी तिचं चालूच. मुलं कंटाळून चहाला गेली. शेवटी ती मॅडमकडे आली, ती खाली मान घालून.

"मॅडम, आम्ही लबाडी केलीय. सरळ दिसावा म्हणून खांबाला मधे पोट काढलंय."

मॅडमनी लांब जाऊन खांब बघितला. ही गोष्ट त्या दरवर्षी तीन ओळींत लिहून द्यायच्या. मुलं ती पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची.

"ज्यांनी ती देवळं बांधली ना," त्या म्हणाल्या, "त्यांनीही हीच लबाडी केली होती. डोळ्यांना फसवायला."

"म्हणजे... माझं चुकलं नाही?"

"चुकलं? तू थेट त्यांच्या पंगतीला जाऊन बसलीस!"

शिडी धावत सुटली ती गटाला शोधायला. थोड्याच वेळात बाकीचे गटही आपापल्या खांबांपासून लांब जाऊन एक डोळा मिटून बघू लागले.

खांबांवर तुळई चढवताना एक खांब तडकला, तो पुन्हा ओतावा लागला. पण सगळे उभे राहिले. स्कूटर काढायला आलेले प्राचार्य थबकले. शिडीच्या खांबावरून त्यांनी सावकाश हात फिरवला.

"पुढच्या वर्षी काय ते करा," ते म्हणाले, "फक्त माझ्या बेसिनला हात लावू नका."

ते गेल्यावर मॅडमनी पदर खोचला आणि एक कानस उचलली. इतकी वर्षं खांबांवरच्या उभ्या खाचांबद्दल त्या बोलत आल्या होत्या; कोरली मात्र एकही नव्हती. पहिलीच खाच वाकडी गेली.

"मॅडम, मनगट सैल सोडा," शिडी शेजारी उकिडवी बसत म्हणाली. "हं, असं. आणि जोर नका लावू."

मॅडमनी मनगट सैल सोडलं.