दहा लाख एक

आठवीत माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आमच्याच शाळेत गणित शिकवायला आली, तेव्हा शिक्षकखोलीत पेढे मीच वाटले. महिन्याभरात तिचं नाव निघालं तरी माझं डोकं फिरायला लागलं.

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज सुविचार लिहितात. ते काम माझं. तिने शेजारी ‘आजची संख्या’ लिहायला सुरुवात केली आणि मुलं दप्तरं पाठीवरच ठेवून तिकडे धावायला लागली. माझ्या सुविचाराकडे इतक्या वर्षांत कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. दहावीचं गणित पुढच्या वर्षी तिला द्या, असं काही पालक मुख्याध्यापकांना सांगून गेल्याचंही कानावर आलं. दहावीचा वर्ग म्हणजे माझा जीव. तो जाणार या विचाराने मला जेवण गोड लागेना.

एका सोमवारी तिने लिहिलं: १०००००१. दोन्हीकडून वाचा, सारखीच! खाली लिहिलं होतं, ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही भाग जात नाही.

मला खटकलं. एवढ्या मोठ्या संख्येबद्दल असं ठामपणे म्हणायचं तर हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. हिने कधी बघितलं? संध्याकाळी कोळंबी तशीच ठेवून मी भागाकार करत बसले. सात, अकरा, तेरा करत सत्त्याण्णवपर्यंत आले, प्रत्येक वेळी बाकी उरलीच. पुढची मूळ संख्या एकशे एक. बाकी शून्य! एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी दुसऱ्या दिवशी परिपाठात, सगळ्या शाळेसमोर गुणाकार मांडला. “पडताळल्याशिवाय फळ्यावर लिहू नये,” असंही वर ऐकवलं. तिचा चेहरा उतरला. “चुकलं, बाई,” एवढंच म्हणाली आणि फळा पुसला.

मधल्या सुट्टीत ती एक जुनी वही घाईघाईने पिशवीत घालताना दिसली.

“काय गो ते?”

“काय नाय बाई. राहू दे ना.”

मी हात पुढे केला. बाईंनी हात पुढे केला की वही द्यायची, ही तिची सवय अजून गेली नव्हती.

आठवीची वही. त्यात तीच संख्या, आणि खाली तिच्या गोल अक्षरात: ‘बाईंची युक्ती. शंभरपर्यंतच्या कुठल्याही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर मूळ संख्या समजावी.’ ही युक्ती फक्त दहा हजारांच्या आत चालते. ते सांगायचं मी विसरले होते. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण आणि माझी सही.

“मगाशी बोलली का नाहीस?”

“सगळ्यांसमोर कसं सांगणार, बाई?”

दहावीचा वर्ग माझ्याकडेच राहिला. ती वही तिने कोणाला दाखवली नाही, मीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिच्या जागी मी असते तर परिपाठातच उघडून दाखवली असती. हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून आता तिच्यावर पूर्वीपेक्षा जास्त जळते.