मामीचा चोरखिसा

माझी मामी बोलते कमी आणि उसवते जास्त. कुणी नवा कपडा कौतुकाने पुढे केला की ती आधी तो उलटा करते, अस्तराकडून बघते आणि मग तोंड वाकडं करायचं की नाही ते ठरवते. माझ्या लग्नात तिने नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही सगळ्यांदेखत उलटून बघितली आणि "शिंप्याने फसवलंय" म्हणून मोकळी झाली. लग्न टिकलं, कोट टिकला नाही. माझ्या सासरचे लोक अजून तिला वचकून असतात.

तिचं दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक खोली. पुढे मशीन आणि कापायचं टेबल, मागे पडदा, पडद्यामागे तिचा नि मामाचा संसार. नवे कपडे शिवून घ्यायला हल्ली कोण येतं? चेन बदला, कमरेत सैल करा, खालून आखूड करा, असली कामं. मी वरच्या मजल्यावर राहते आणि दुपारी खाली येऊन इस्त्री करते. मामीचे गुडघे गेलेत, डोळे जायच्या बेतात आहेत, पण मशीन सोड म्हटलं की ती ऐकू न आल्यासारखं करते.

तिची स्वतःची अशी एकच करामत, चोरखिसा. जाकिटाच्या अस्तरात, काखेच्या जरा खाली, तिरक्या तोंडाचा खिसा. चोराला सापडत नाही, आणि आपल्यालाही सापडणार नाही म्हणून शेवटचे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घालायचे. एकदा मी तिचे नुसते हात दिसतील असा त्याचा व्हिडिओ काढला, कारण चेहरा दाखवायला ती तयार नव्हती. तो देशभर फिरला. त्यातून शिवणकाम करणाऱ्यांचा एक गट फोनवर जमला आणि बघता बघता हजारोंचा झाला. व्हिडिओत निळं अस्तर आणि पिवळा दोरा होता. रंग कुठलाही घ्या असं मामी घसा फोडून सांगत होती, तरी अर्ध्या गटाने दुकानात जाऊन निळंच अस्तर आणि पिवळाच दोरा मागितला. शिकणारी माणसं अशीच असतात.

मला त्या गटाचा पहिल्यापासून राग. मामी दुपारी तासभर पडायची, ते गेलं. जेवताना फोन, चहा पिताना फोन. गटाचा कडक नियम होता की कापडाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. आणि एक रीत होती. कुणी आपल्या कामाचा फोटो टाकला की खाली पहिला माणूस लिहायचा, "उलटं करून दाखवा." मग उलट्या बाजूचा फोटो यायचा आणि त्यावर सगळे तुटून पडायचे. टाका सैल आहे, दोरा लोंबतोय, कोपरा चुरगळलाय. शेवटचा शब्द मामीचा. ती "हात चांगला आहे" म्हणाली की त्या माणसाचं वर्ष सार्थकी लागायचं. बोलणारी मंडळी ठरलेली, पडदे शिवणारी पडदेवाली, जन्मभर काजंच केलेले काजवाले काका, आणखी दहा-वीस जण. बाकीचे हजारो नुसते वाचायचे. त्यांना मामी "आमची मुकी माणसं" म्हणायची.

त्या दिवशी मी शर्टांचा ढीग घेऊन खाली आले तेव्हा मामा पडद्यामागून ओरडला, "अगं, बोट उलटली! माणसांनी भरलेली होती!" मामीच्या हातात कुणाच्या तरी शाळेच्या दप्तराची चेन होती. तिने मशीन थांबवलं नाही. आपल्या देशात रोज काहीतरी उलटतंच, असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं. मग टीव्हीवरचा आकडा वाढायला लागला, तसा मामाचा आवाज बसत गेला. शेवटी तो नुसताच पडदा बाजूला करून उभा राहिला.

गटात तोवर संदेशांचा पूर आला होता. आधी "खरं का हे?", मग जोडलेले हात, मग मेणबत्त्या. मामीने नियम बाजूला ठेवला. "आज बोलू दे," म्हणाली. पण लोक बोलायला लागले की कुठे थांबतात? एक म्हणाला, दोष कप्तानाचा. दुसरा म्हणाला, सरकारचा. तिसरीने बुडालेल्यांचाच काढला, एवढी गर्दी दिसत असताना चढले कशाला. त्यावर दोघांची अशी जुंपली की त्यांनी एकमेकांच्या कामाची लक्तरंसुद्धा काढली. कुणी भलत्याच देशातल्या, भलत्याच वर्षीच्या बोटीचा व्हिडिओ आजचा म्हणून टाकला. एका महाभागाने मध्येच अस्तराचं कापड स्वस्तात काढलंय असं कळवलं. मामी एका हाताने चेन लावत होती आणि दुसऱ्या हाताने संदेश पुसत होती. पुसला की दुसरा हजर. खरकटं आवरून झाल्यावर पुन्हा पंगत बसावी तसं चाललं होतं.

"बंद कर ना तो गट आजच्यापुरता," मी म्हटलं. "कुणाचं काय अडणार आहे?"

"बंद केला तर जातील कुठे? दुसरीकडे जाऊन हेच करतील," मामी म्हणाली. "इथे निदान मी आहे पुसायला."

मग पडदेवालीचा संदेश आला. माझी मुलगी त्याच बोटीवर होती, सकाळी चढताना फोन केला होता, आता लागत नाही. एवढंच. भांडणं तिथेच टाकून गट असा धावला की मला, खोटं कशाला बोलू, भरून आलं. मघाशी भांडणारे दोघे बंदराजवळच्या इस्पितळांचे फोन नंबर गोळा करायला लागले. कुणाचा मेव्हणा तिकडे नोकरीला, कुणाची जाऊ परिचारिका. ज्याला जे जमेल ते. मामीने दप्तर बाजूला सारलं. पडदेवालीला तिने कधी पाहिलेलं नव्हतं, पण रोज तिच्याशी बोलणं होतं. "पोरीला जाकीट शिवलं होतं गं तिने," मामी मला म्हणाली. "राखाडी. आत आपला खिसा."

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिकडच्या अधिकाऱ्यांनी फोटो प्रसिद्ध केले. ज्यांची ओळख पटली नव्हती अशा मृतांच्या अंगावरच्या वस्तू ताडपत्रीवर मांडून ठेवल्या होत्या, नातेवाइकांनी बघाव्यात म्हणून. चपला, एक चष्मा, कमरेचे पट्टे. आणि एक राखाडी जाकीट, ओलं, आतली बाजू वर आलेलं. निळं अस्तर. तिरका खिसा. पिवळा दोरा.

कुणीतरी तो फोटो गटात टाकला. टाकायला नको होता, पण टाकला. पडदेवालीने लिहिलं, "मला काही दिसत नाहीये. डोळ्यांपुढे अंधारी येतेय. खिसा माझा आहे का? तुम्ही बघा ना कुणीतरी."

मामा मामीमागे येऊन उभा राहिला. मी इस्त्री बंद केली. मामीने फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाशी नेला. तिच्या आधी काजवाल्या काकांनी लिहिलं, "कोपरा बघा. चुरगळलाय. पडदेवाली असा कोपरा सात जन्मात ठेवणार नाही."

दुसऱ्याने लिहिलं, "दोरा लोंबतोय. गाठसुद्धा मारलेली नाही."

मग सगळे नेहमीसारखे तुटून पडले. टाके सैल, तोंड वाकडं, एक बाजू वर एक खाली. प्रत्येक खोट सापडली की जिवात जीव येत होता, कारण प्रत्येक खोट म्हणजे पडदेवालीची मुलगी एक पाऊल घराकडे. मोकळं वाटायला लागलं तशी लोकांची जीभही सैल सुटली. "हातमोजे घालून शिवलंय वाटतं." "चालत्या गाडीत बसून शिवलं असेल." हसणारे चेहरे आले. दुपारपासून कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे जरा जास्तच आले. मीही हसले. शेवटी मामीने लिहिलं, "नवशिक्याचं काम आहे. कोपरा बिघडवलाय. हा हात पडदेवालीचा नाही."

आणि खरंच नव्हता. थोड्या वेळाने पडदेवालीला मुलीचा फोन आला, कुणा मच्छीमाराच्या फोनवरून. तिला दुसऱ्याच किनाऱ्यावर नेलं होतं. थंडीने कुडकुडत होती, बाकी धडधाकट. गटात नुसती दिवाळी. काजवाले काका रडतोय असं लिहून मोकळे झाले. मामाने न सांगता चहा टाकला. मामी भिंतीला डोकं टेकून बसली. म्हणाली, "फार दमले गं आज. एवढी तर लग्नसराईतही दमत नाही."

चहाचा कप तोंडाशी नेला आणि तिने तो तसाच खाली ठेवला.

"मग कुणाचा?" ती म्हणाली.

"काय कुणाचा?"

"खिसा. खिसा तर आपलाच आहे."

मला कळायला जरा वेळ लागला. निळं अस्तर, पिवळा दोरा, तिरकं तोंड. बाजारात असला खिसा मिळत नाही. मामीचे हात बघून ज्याने शिवलं असेल त्याचाच तो. आणि आम्ही सगळे त्यावर हसून बसलो होतो. मामीने फोन उचलला. एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, "खिसा आपल्यातल्याच कुणाचा तरी आहे. ज्याचा असेल त्याने बोलावं."

दिवाळी थांबली. मग एकामागून एक उत्तरं यायला लागली. माझा नाही. माझा नाही. ज्यांना शिवून दिला त्या सगळ्यांना फोन केला, माझा नाही. बोलणाऱ्यांपैकी सगळ्यांचं येऊन गेलं. मामी बघतच राहिली. मुकी माणसं उरली होती.

दिवे लागायच्या सुमारास एक संदेश आला. त्या बाईने गटात आजवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. नावाच्या जागी नुसतं एक टिंब होतं. तिने लिहिलं होतं, "मी मुलाला असंच जाकीट शिवलं होतं. पहिल्यांदाच शिवलं. कोपरा जमत नव्हता. तुम्हाला विचारणार होते, पण एवढ्या लोकांत लाज वाटली. तो म्हणाला, असू दे आई, आतच तर आहे, कोण बघतंय. त्याचा फोन सकाळपासून लागत नाही. आधी मी एका तुकड्यावर करून बघितलं होतं, तो तुकडा घरात आहे. उलटं करून दाखवते. मामी, तुम्ही बघा. वेगळा आहे ना?"

खाली फोटो होता. निळ्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा, जुन्या ओट्यावर ठेवलेला. चुरगळलेला कोपरा. एक बाजू वर, एक खाली. गाठ न मारलेला पिवळा दोरा लोंबत होता.

 गटात वर, मघाच्या संदेशांत, काहीतरी हलायला लागलं. हातमोज्यांचा विनोद नाहीसा झाला आणि त्या जागी "हा संदेश काढून टाकला आहे" अशी ओळ आली. मग चालत्या गाडीचा. मग हसणारे चेहरे, एकेक करून. काजवाल्या काकांचा कोपरा गेला. दुपारभर पुसून पुसून दमलेल्या मामीला आता कुणाचं काही पुसावं लागत नव्हतं. फक्त तिचं स्वतःचं वाक्य तेवढं राहिलं होतं. नवशिक्याचं काम आहे. कोपरा बिघडवलाय.

"तुझंही काढ," मी हळूच म्हटलं.

"तिने वाचलंय ते," मामी म्हणाली. "वाचूनच विचारतेय ती."

तिने त्या बाईला वेगळा निरोप पाठवला, नंबर दे म्हणून. नंबर आला. मामी टेबलाला धरून उठली आणि पडद्यामागे गेली. मामा बाहेर येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. त्याने टीव्हीचा आवाज आधीच बंद केला होता. आधी पलीकडची बाईच बोलत असावी. मग मामीचा आवाज आला. गिऱ्हाइकाशी बोलायचा नव्हे, माझ्या लहानपणी मला ताप आला की यायचा तो.

"हो गं बाळ," ती म्हणत होती. "तुझाच हात आहे. चांगला हात आहे तुझा."