विचारून जायची वाट

"यंदा जाऊ का मग?"

"जा की. दरसाली काय इचारतो?"

"दरसाली साल बदलतं म्हणून."

बारा वर्षं गुढीपाडव्याच्या सकाळी धोंडेमाळावरच्या अकरा घरांत एवढंच बोलणं व्हायचं, आणि त्या बोलण्यावर एकोणीस किलोमीटरची वाट उघडी राहायची. विचारणारा आमोस भांबळ. केडगावात पुणे रोडला त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज. नगरातली तीस-पस्तीस तरणी मंडळी रविवारी उंच चाकांच्या गाड्या घेऊन डोंगरात जायची. त्यांच्या क्लबाचा आमोस सगळ्यात म्हातारा सभासद, आणि शेतकरी ज्याला ओळखत होते असा एकटाच.

डोंगरातली वाट म्हणजे कुणाचा बांध, कुणाची पडीक, कुणाच्या विहिरीकडं जाणारी बैलगाडीची चाकोरी. ज्वारी निघाली की रान मोकळं होतं, ते मृगापर्यंत. तेवढे अडीच महिने क्लबाचे. आमोसनं नियम घालून दिला होता की ज्याच्या चाकानं बांध ढासळला त्यानंच तो मृगाच्या आत रचून द्यायचा, हातानं, दगडावर दगड. मे महिन्याच्या उन्हात इंजिनिअर, बँकेतले, कॉलेजातले असे सगळे घामाघूम होऊन दगड वाहायचे. अकरा घरांतल्या कानिफनाथची आई मनकर्णा बांधावर बसून बघायची. "ढेकूळ उचलाया बी हेल्मेट घालत्यात," म्हणायची. "डोकं लई महाग दिसतंय ह्यांचं."

सगळ्यात नाजूक जागा कानिफनाथची. दोन टेकड्यांमधली खिंड, बैलगाडी कशीबशी जाईल एवढी, आणि दोन्ही अंगांना त्याचंच रान. ती बंद झाली तर अलीकडची वाट अलीकडं आणि पलीकडची पलीकडं. म्हणून आमोस पाडव्याला पहिल्यांदा तिथं जायचा. मनकर्णा आत हाक मारायची, "मास्तराचा आमोस आला गं, च्या टाक." आमोसचे वडील धोंडेमाळाच्या शाळेवर मास्तर होते. कानिफनाथ त्यांच्या हातची छडी खाऊन पाढे शिकला. बाकीच्या दहा घरांतही कुणी ना कुणी त्यांच्यापुढं पाटी धरून बसलेलं. क्लबाला वाट मिळाली ती त्या मास्तरांच्या नावावर. हे क्लबातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. आमोसला होतं.

साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. आधी स्पार्क प्लगमधली फट दिसेना, मग ती तो नखानं मोजू लागला. मग गिऱ्हाइकांचे चेहरे गेले, आवाज राहिले. तीन चष्मे झाले.

"अहो, काचा कितीही बदला," मार्था, त्याची बायको, म्हणाली, "मागचे डोळे तेच आहेत."

"तू वाचून दाखवत जा."

"गॅरेजात येऊन बसू?"

क्लबात त्यानं डोळ्यांचं सांगितलं नाही. पण एक गोष्ट त्याला खाऊ लागली. आपल्यामागं पाडव्याला कोण जाईल? गेलं तरी अकरा घरांतलं कोण ओळखेल? तो हे रेश्माजवळ बोलला. रेश्मा क्लबाची सेक्रेटरी, कॉलेजात शिकवायची, गाडी चालवण्यात चार गड्यांना भारी.

"काका, मग लेखी घेऊ या ना," ती म्हणाली. "तोंडी परवानगीवर विमासुद्धा मिळत नाही. माझ्या ओळखीचे वकील आहेत. मी मसुदा करून घेते, तुम्ही फक्त सह्या आणा. तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही."

खरंच कुणी नाही म्हटलं नाही. दिवाळीच्या पाडव्यानंतर तो कागद घेऊन फिरला. दहा जणांनी तुळशीकट्ट्यावर, ट्रॅक्टरच्या सीटवर, जिथं असतील तिथं सह्या केल्या. कानिफनाथनं तेवढं विचारलं.

"वाचून दाखव की, आमोसभाऊ. स्टॅम्पचा कागद हाय."

आमोसनं कागद डोळ्यांपुढं धरला. वरचा छाप दिसला, खाली नुसती करडी ओळींची सावली. त्यानं ओठ हलवले, पान उलटलं.

"आपण दरसाली बोलतो तेच हाय यात," तो म्हणाला. "विचारून जायचं, बांध रचून द्यायचे."

"मंग ठीक हाय. कुटं करू?"

त्यानं बोट ठेवलं. नेमकं कुठं ठेवलं ते कानिफनाथनं बघून घेतलं आणि सही केली.

मार्च आला. पाडव्याच्या आदल्या दिवशी आमोसनं रेश्माला फोन लावला.

"उद्या मला धोंडेमाळावर सोडशील का? गाडीवर जमत नाही आता."

"आता कशाला काका? पाच वर्षांचं लेखी झालंय ना. दरवर्षी पुन्हा परवानगी घेण्याची आवश्यकता राहणार नाही, असं कलमच आहे. तिसरं."

"तसं लिहिलंय?"

"तुम्हीच तर सह्या आणल्यात."

त्यानं फोन खाली ठेवला. मार्था शेवया वाळत घालत होती.

"काय म्हणते?"

"नाही जायचं म्हणते."

"मग एसटीनं जा. फाट्यावर उतरायचं, पुढं कुणी तरी नेईल."

"गेलो तर सांगावं लागेल."

"काय?"

"न दिसता वाचलं म्हणून."

मार्थानं हात पुसले. "सांगा की मग."

"बारा वर्षं माझ्या तोंडावर वाट दिलीय त्यांनी, मार्था. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"दुसरं कुठून आणणार आहात? तेच घेऊन जा."

तो गेला नाही. रविवारी जाऊ म्हणाला. त्या रविवारी म्हणाला, पुढच्या रविवारी. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी मोबाईल वाजला, मार्थानं नाव वाचलं, "कानिफनाथ." आमोस म्हणाला, "राहू दे." संध्याकाळी पुन्हा वाजला. त्यानं तेव्हाही राहू दिला. एरवी शनिवारी तो ती सगळी वाट पायी बघून यायचा, कुठं दगड आला, कुठं खड्डा पडला. यंदा तेही कुणी केलं नाही. वाटेचा नकाशा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होता.

धोंडेमाळावर मनकर्णानं पाडव्याला दुपारपर्यंत चहाचं आधण ठेवलं होतं. पारावर एक जण कानिफनाथला म्हणाला, "आता कशाला येतोय तो? कागद झालाय. पाच वर्सं गाड्या गेल्या की वहिवाट पडती. मंग खिंड तुझी नुसती सात-बाऱ्यावर." कानिफनाथनं पुतण्याकडून कागदाची झेरॉक्स वाचून घेतली. तिसरं कलम दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर त्यानं ते दोन फोन केले होते.

शनिवारी दुपारी त्यानं खिंडीच्या तोंडाला दोन बाभळींमध्ये तार ओढली. एकच, बारीक. तिला फडकं बांधलं नाही. खिंड पूर्वेला उघडते. रविवारी सकाळी सातला करण सगळ्यांच्या पुढं होता, सव्वीस वर्षांचा, केडगावातल्याच एका शाळेत गणित शिकवणारा. चढ संपला आणि ऊन सरळ डोळ्यांत आलं. तार हेल्मेटच्या खाली आणि छातीच्या पट्ट्याच्या वर, गळ्याला लागली.

तो जगला. गळ्यात नळी घालावी लागली.

चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यात सगळे बसले होते. कानिफनाथ बाकाच्या कडेला, टोपी गुडघ्यावर. रेश्मा फाईल घेऊन. आमोसला मार्थानं दारापर्यंत आणून सोडलं, आणि खुर्ची कुठं आहे ते त्यानं पायानं शोधलं. तेव्हा रेश्मानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

हवालदारानं कागद वाचून बाजूला ठेवला.

"हे बघा, सरळ आहे," तो म्हणाला. "कागद खरा असेल तर ह्यानं स्वतः दिलेल्या वाटेवर माणसाच्या गळ्याला लागेल अशी तार बांधली. मोठं कलम लागेल, आत जाईल. कागद खरा नसेल तर ह्यानं आपल्या रानाला कुंपण केलं आणि तुम्ही न विचारता घुसलात. मग तुमच्यावर येईल, आणि ती वाट कायमची विसरायची."

"कागद खराच आहे," रेश्मा म्हणाली. "सही त्यांची आहे. विचारा त्यांना."

"माझीच हाय," कानिफनाथ म्हणाला. "मला गाड्या अडवायच्या हुत्या, साहेब. फडकं बांधायचं सुचलं न्हाई. रागात हुतो." मग आमोसच्या दिशेनं, पण त्याच्याकडं न बघता, "फोन उचलला असता तर तार काढली असती."

"तुम्ही सह्या घेतल्या ना?" हवालदारानं आमोसला विचारलं. "ह्याला वाचून दाखवलं होतं?"

रेश्मा हलक्या आवाजात म्हणाली, "काका, नुसतं हो म्हणा. करणसाठी म्हणा. विमा त्यावरच मिळणार आहे. आणि बाकीच्या दहा जणांचे कागदही ह्याच नमुन्याचे आहेत."

आमोसला ते सगळं कळत होतं. हो म्हटलं तर वाट राहणार होती. कोर्टाच्या शिक्क्यानं राहणार होती, त्याच्या मरणानंतरही. दिवाळीत त्याला हेच हवं होतं.

"मला दिसत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"डोळे गेलेत. दिवाळीतही गेलेलेच होते. मी कागद नुसता तोंडापुढं धरला. ह्यानं वाचायला सांगितलं, तेव्हा दरसाली विचारून जायचं असं लिहिलंय म्हणालो. ह्यानं सही केली ती त्या बोलण्याला. अकराही जणांना तेच सांगितलं."

"म्हणजे खोटं सांगितलं."

"व्हय. आणि पाडव्याला मी विचारायला गेलो नाही. न विचारता माणसं मी घातली त्याच्या रानात."

रेश्मा उठून उभी राहिली. "काका, करणचं काय? त्याच्या आईला मी काय सांगू?"

"माझं नाव सांग."

"नावानं नळी निघते?"

हवालदारानं जबाब लिहायला घेतला. अर्ध्या तासानं वाचून दाखवला, आमोसनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, आणि त्याच्या हाताला धरून हवालदारानं पेन टेकवलं. बाहेर पडताना कानिफनाथ दारात थांबला होता. आमोसनं विचारलं, "कोण हाय?" कानिफनाथनं टोपी घातली आणि तो फाट्याकडं चालू लागला.

महिन्याभरात अकराही जणांनी वाटेवर काटेरी बोराट्या टाकल्या. कानिफनाथनं खिंडीत दगडी भिंत घातली, छातीएवढी. त्याच्यावर लहान कलम लागलं. आमोसवर फसवणुकीचं. तारखा पडतात, मार्था त्याला रिक्षानं नेते. क्लबानं त्याचं नाव काढलं आणि पुढं क्लबच राहिला नाही. गाड्या असलेले आता पैसे भरून पुण्याच्या बाजूच्या कुठल्याशा आखीव मैदानावर जातात, गोल गोल फिरतात.

करण घरी आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमोस त्याला भेटायला गेला. आईनं दार उघडलं, बाजूला झाली, या म्हणाली नाही. मार्थानं आमोसला खाटेजवळच्या खुर्चीत बसवलं. मग खडूचा आवाज आला. नळी निघाली तरी आवाज यायला वर्ष लागेल, कदाचित येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. शाळेतून आणलेल्या पाटीवर करण लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं पाटी आमोसपुढं धरली, आमोस समोर बघत राहिला, आणि मग त्यानं ती मार्थाकडं वळवली.

मार्था वाचेना.

"काय लिहिलंय?" आमोस म्हणाला. "काहीही असलं तरी वाच."

"विचारतोय," मार्था म्हणाली, "खिंड उघडली का म्हणून."

"नाही उघडली, करण."

खडू पुन्हा टेकल्याचा आवाज आला. एक रेघ, बहुधा कशाची तरी सुरुवात. मग कापड पाटीवरून फिरलं, आणि पाटी उशाला ठेवल्याचा आवाज.

"चला," मार्था म्हणाली. "त्याला दुखतंय."