शुक्रवारची पाहुणी

माझ्याकडे दोन प्रवेश होते. एक आइंडहोव्हनचा, चिप डिझाइनचा, ज्यासाठी मी नोकरी सांभाळून जीव तोडून अभ्यास केला होता. दुसरा द हेगजवळच्या एका विद्यापीठाचा. विषय तोच, पण जरा पातळ. कुठल्याही शहाण्या माणसानं पहिला घेतला असता. आइंडहोव्हनला मराठी इंजिनियर इतके आहेत की गणपतीत तिथे ढोलसुद्धा वाजतो. मी दुसरा घेतला, कारण तिथे ज्यू विद्यार्थ्यांचं मंडळ होतं. नुसतं वेबसाइटवरचं नाही, दर शुक्रवारी एकत्र जेवणारं. आणि हे मला माझ्या मामेबहिणीनं, ताईनं, सांगितलं होतं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी, आमच्या शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना गावात शनवार तेली म्हणत. आता आम्ही ठाण्यात आहोत आणि तिथेही थोडेच उरलोय. बाकीचे एकेक करून इस्रायलला गेले. मामाही गेला. ताई तेव्हा सहावीत होती. तोपर्यंत तिचं अर्धं बालपण आमच्याच घरात, माझ्या आईच्या हातचं खाण्यात गेलं होतं. पुढे ती तिकडून शिकायला नेदरलँड्सला आली, आणि माझा प्रवेशाचा घोळ सुरू झाला तेव्हा रोज फोनवर असायची.

"ये गं तू इथेच," ती म्हणायची. "शुक्रवारी जेवण असतं, गाणी असतात, सणाला हॉल भरून माणसं. इथेच शेजारी फोरबर्गला माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. आइंडहोव्हनला काय आहे? सगळे इंजिनियर."

"मला नेशील ना तिथे?"

"म्हणजे काय! न विचारता नेईन."

आईला एवढंच पाहिजे होतं. पोरगी परदेशात एकटी पडेल, शब्बाथ विसरेल, ही तिची धास्ती. तिनं एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलला की पोरीला तिथे आपली माणसं मिळाली तर मलिदा करून वाटीन. ती ठाण्यात, माणसं इथे, म्हणून मलिदा करायचं काम माझ्याकडे आलं. मी आइंडहोव्हनला नकार कळवला आणि आले.

द हेगमधल्या सुरिनामी दुकानात पातळ पोहे मिळाले, गोठवलेलं खोबरंही मिळालं. गुरुवारी संध्याकाळी मी पोहे भिजवले, त्यात खोबरं, साखर, वेलची, बदाम, मनुका घातल्या. ताई ओट्याला टेकून उभी होती आणि पातेल्यातून मुठी भरून खात होती. डोळे मिटून म्हणाली, "आत्यासारखाच झालाय." मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

"उद्या डबा भरून नेऊ," मी म्हटलं.

"नेतेस कशाला? घरीच खाऊ ना."

"आईचा नवस आहे. वाटायला नको?"

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली की तिला टेबलं लावायला लवकर जायचंय, मी मागून यावं. माझं नाव तिनं कळवलंय, दारात तिचं नाव सांगितलं की झालं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो आणि मग गाडीत बसू नये, हे मला ठाऊक आहे. पण फोरबर्गहून हॉलपर्यंत चालत जायचं तर जेवण संपल्यावर पोचले असते, म्हणून ट्रामनं गेले. दारात पाटी नव्हती. हल्लीच्या दिवसांत ज्यूंच्या जागांवर भीतीपोटी कुठे नसतेच. एक विद्यार्थिनी आत सोडण्याआधी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारत होती. माझ्यापुढच्या मुलाला तिनं मागचा सण घरी कसा केला ते विचारलं. मी मनात उत्तर तयार करून ठेवलं. मला मात्र तिनं इंग्रजीत एवढंच विचारलं, "आत कोणाला ओळखतेस?"

मी ताईचं नाव सांगितलं. ताईला बोलावणं गेलं. ती आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ही माझी फ्लॅटमेट. इंडियाहून आली आहे. तिला आपल्या संस्कृतीबद्दल कुतूहल आहे."

मला वाटलं, मस्करी करते आहे. मी हसलेसुद्धा. तिचा चेहरा हसत नव्हता.

आत शिरताना माझा हात सवयीनं चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेल्या छोट्या डबीला, लागला आणि बोटं ओठांकडे गेली. दारावरची मुलगी कौतुकानं म्हणाली, "अरे, हिला माहीत आहे!"

"मी शिकवलं," ताई म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हिला कडेवर उचलून मेझुझाला हात लावायला शिकवणारी माझी आई. आणि ही मला शिकवणारी! तेवढ्यात दारावरच्या मुलीनं पत्रक हातात दिलं. त्यात ताईचं नाव छापलं होतं. मामाच्या आडनावाच्या शेवटचा 'कर' तिनं कापून टाकला होता. गाव गेलं, कोकण गेलं. उरलेलं नाव कुठल्याही देशाचं वाटलं असतं.

मला पाहुण्यांच्या टेबलावर बसवलं. माणसं चांगली होती, उगाच कशाला खोटं बोलू. शेजारच्या मुलीनं मला वाइनवर म्हणायची किद्दुशची प्रार्थना म्हणजे काय, पेला का उचलतात, पावावर कापड का घालतात ते जीव लावून समजावलं. मी मान हलवत राहिले. घरी आम्ही काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश म्हणतो, हे तिला सांगायला तोंड उघडलं की पलीकडून ताई माझ्याकडे बघायची, आणि मी तोंड मिटायची. का मिटलं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक मी तिच्या खुलाशाची वाट बघत होते. डब्याचं काय म्हणून कुणीतरी विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "इंडियन खाऊ आहे, धर्माच्या नियमांनी आपल्या स्वयंपाकघरात चालायचा नाही." डबा माझ्या कोटाखाली राहिला.

प्रार्थना संपली आणि सगळे एकमेकांना शब्बाथच्या शुभेच्छा देत उठले. आमच्यात अशा वेळी हात-बोशी करतात. दोघांनी दोन्ही हात पुढे करायचे, एकमेकांच्या बोटांना बोटं लावायची आणि मग आपापली बोटं ओठांना लावायची. ठाण्याला ती लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळीकडे फिरते. मी ताईपुढे जाऊन दोन्ही हात पुढे केले. मनात म्हटलं, शब्दांनी नाही तर नाही, एवढं तरी कर.

तिचे हात उठले. मी पाहिलं, दोन्ही उठले. मग तिनं आजूबाजूला बघितलं, डावा खाली घेतला आणि उजव्या हातानं माझ्याशी शेकहँड केला. "थँक्स फॉर कमिंग," ती म्हणाली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं केलं असतं तर मी तिथेच भांडले असते.

परतीच्या ट्राममध्ये बसल्याबरोबर तिला मराठी आठवलं. "रागावलीस?"

"तुझी फ्लॅटमेट मी?"

"ऐक ना. तिकडे शाळेत काय काय ऐकलंय मी, तुला नाही माहीत. तुम्ही खरे ज्यू का, रंग असा कसा, वर्षानुवर्षं तेच. इथे आले तर सगळ्यांनी इस्रायली म्हणूनच धरलं, कुणी पुढे विचारलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं मला नकोय गं."

"मग मला कशाला बोलावलंस? माझं आइंडहोव्हन गेलं तुझ्या शब्दावर."

"घरात बोलायला कोणी नव्हतं," ती म्हणाली. "आत्याची खूप आठवण यायची."

म्हणजे स्वयंपाकघरात मी हवी होते, दाराबाहेर नको. शाळेतलं ऐकून मला तिची कीव आली, हे खरं. पण त्या किवेनं राग तसूभर कमी झाला नाही. तिनं माझी ओळख विकून आपली राखली होती, आणि मी तिच्यासमोर बसून ते बघितलं होतं.

"मलिदा दे ना," ती म्हणाली. "भूक लागली आहे."

मी डबा दिला. तिनं तो ट्राममध्ये बसून, बोटं चाटत संपवला. आईनं फोनवर विचारलं, वाटलास का गं सगळ्यांना? मी म्हटलं, ताईनं खाल्ला. आई खूश झाली.

पुढच्या शुक्रवारसाठी मी माझं नाव मीच कळवलं आणि एकटी गेले. दारावर तीच मुलगी होती. तिनं मला ओळखलं आणि विचारलं, "आज पण पाहुणी का?"

"नाही," मी म्हटलं, आणि माझं सगळं सांगितलं. ठाणं, कोकण, घाणा, मनुकांचं सरबत, मलिदा, एलियाहू हन्नाबी. ती ऐकत राहिली. मागे रांग लागली तरी तिनं मला थांबवलं नाही.

"मागच्या वेळी का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं. मग उत्सुकतेनं म्हणाली, "तुमच्यातलं आणखी कोणी आहे का आपल्या मंडळात?"

तिच्या पाठीमागे, हॉलच्या दारात, ताई ताटांची चळत घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. बोट दाखवायचा अवकाश, तिची इतक्या दिवसांची सगळी रचना तिथेच कोसळली असती.

"नाही," मी म्हटलं. "मी एकटीच."

ताईचा श्वास सुटला. ती माझ्याकडे बघून हसली, आभार मानल्यासारखं, अनोळखी माणसानं ट्राममध्ये जागा दिल्यावर हसतात तसं. तिला वाटलं मी तिच्यासाठी खोटं बोलले.

मी मेझुझाला हात लावला, तिच्या टेबलाला वळसा घालून पलीकडच्या टेबलावर बसले. मी खोटं बोलले नव्हते.