तिसरी जळकी प्लेट

"आजपासून तू घरी बस!" भुजंगराव तावातावानं ओरडत होते. समोर त्यांचा पन्नाशीतला ड्रायव्हर लिंबाजी, मान खाली घालून. उसाच्या फडातली अख्खी टोळी कोयते थांबवून ऐकत होती. माकणीत एकाच हंगामात त्यांच्या ट्रॅक्टरची तिसरी क्लच प्लेट जळाली होती.

मी क्लच डिझाइन करणारा इंजिनिअर. कंपनीनं पुण्याहून पाठवलेला, पण मूळचा इथल्याच बेंबळी गावचा. खरं सांगायचं तर रिपोर्ट मी निघायच्या आधीच लिहून ठेवला होता : 'ड्रायव्हरची चूक.' बॉसनं बजावलंच होतं, "फोटो काढा, सही घ्या आणि या. वॉरंटीत बसत नाही."

क्लचचं काम तसं सोपं. इंजिन फिरतंय, चाकं थांबलीत. दोघांची गाठ घालून देताना मधली प्लेट थोडा वेळ घासते. घासली की तापते. पेडल अर्धवट दाबून ठेवलं, म्हणजे हाफ क्लच, तर घासणं थांबतच नाही.

"हाफ क्लच मारता का?" मी विचारलं.

"मारतो की. खोटं कशाला बोलू?" लिंबाजी म्हणाला. "बाया डोक्यावर मोळ्या घिऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढत्यात. ट्रॉली ढिगापशी जरा जरा सरकवावी लागती. न्हायतर त्यांला लई लांबनं वझं आणावं लागतंय."

"बघा! कबूल झाला!" भुजंगराव.

तिथंच सही घेऊन निघता आलं असतं. पण मागच्या हंगामातही हाच माणूस हाच ट्रॅक्टर असाच चालवत होता. तेव्हा प्लेट का जळाली नाही? चरफडत ट्रॅक्टरखाली शिरलो. क्लच ज्या लोखंडी पेटीत असतो, तिला गरम हवा बाहेर जायला खाली एक खिडकी असते. तिथं बोटाला रबर लागला. जुन्या ट्यूबचा तुकडा, बोल्टांनी घट्ट आवळलेला.

"हे कुणाचं काम?"

"म्या लावलंय औंदा," भुजंगराव छाती काढून म्हणाले. "धरणाकाठचा चिखल आत जातोय. मेस्तरी नको म्हणत होता. दर प्लेटीला म्या पुन्हा बसवून घेतला."

तुकडा काढला. नवी प्लेट टाकली. दुसऱ्या दिवशी लिंबाजीनं संध्याकाळपर्यंत तसाच, हाफ क्लच मारतच ट्रॅक्टर चालवला. पेटी तापायची आणि निवायची. जळका वास काही आला नाही.

"बरं, उद्या ये कामाला," भुजंगराव पुटपुटले.

लिंबाजी हलला नाही. "मालक, टोळीपुढं मला घरी बस म्हणलात. आता टोळीपुढंच सांगा, प्लेट कुणी जाळली."

भुजंगरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्या जाळली," ते म्हणाले. मोळी घेतलेली एक बाई खुदकन हसली.

मग लिंबाजी माझ्या फायलीकडं वळला. "साहेब, ह्यात काय लिवलंय?"

लाज वाटली हो मला, चांगलीच. त्याच्यासमोर ती ओळ खोडली. वर लिहिलं : 'खिडकी खाली असल्यानं चिखल शिरतो. डिझाइनची चूक.' ती खिडकी खाली ठेवणारा डिझाइनर मीच होतो. बॉस महिनाभर नीट बोलला नाही, पण पुढच्या मॉडेलमध्ये खिडकी वर गेली आणि तिला जाळी बसली.

तेव्हापासून रिपोर्ट मी परतीच्या एसटीत लिहितो.