खडीमशीन आणि आमचा डोह

आम्ही वेदगंगेकाठचे भोई. निपाणीच्या बाजारात मासे विकून घर चालायचं आणि मासे मिळायचे ते एकाच डोहात. आमची रीत अशी होती: डोहाच्या खालच्या अंगाला जाळं बांधायचं, सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि मग वरच्या अंगानं पाण्यावर काठ्या आपटत यायचं. आवाजाला भिऊन मासा आपणहून जाळ्यात शिरतो. मी चौथीपर्यंत शिकले, पण हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या साली एका खडीवाल्यानं तिथं दगड फोडायची मशीन बसवली. तीही पाण्यात उतरलेल्या काळ्या खडकावरच. मशीन चालू असताना मी एकदा पाण्यात डोकं घालून बघितलं. वर होता त्याहून खाली आवाज जास्त होता. दात शिवशिवले. महिन्याभरात डोह रिकामा झाला. जाळ्यात खेकडे आणि पाला, दुसरं काही नाही.

नवऱ्याला घेऊन मी खडीवाल्याकडे गेले. मशीन खडकावरून काढून मागं मातीवर बसवा, एवढंच मागितलं.

"माशाला कुठं कान असत्यात, आक्का? मासा बहिरा असतोय," तो म्हणाला. त्याची माणसंही हसली. नवरा मान खाली घालून परतला. मी घातली नाही. पुढं तंबाखूच्या वखारीत कामाला लागले, तिथला धुरळा खाल्ला, पण ते हसणं विसरले नाही.

चार वर्षं गेली. खडीवाल्याच्या जुन्या खाणीत पाणी साठलं होतं. त्यात त्यानं रोहू आणि कटला सोडले होते, ते चांगले वाढले. नव्या खाणीच्या परवान्यावर ज्या साहेबाची सही हवी होती, त्याला त्यानं मासे न्यायला बोलावलं. मोठं जाळं आमच्याकडेच होतं, म्हणून निरोप आला. मी लगेच गेले.

पाणी जरा जास्त होतं. ते उपसायला त्यानं डिझेलचं इंजिन आणलं आणि कुठं ठेवू म्हणून विचारलं. माझा दीर सांगायला तोंड उघडत होता, मी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"ठेवा की जाळ्याजवळच," मी म्हणाले.

इंजिन धडधडलं आणि सगळा मासा पलीकडच्या कपारीत जाऊन बसला. तिथं जाळं पोचत नाही. दुपारपर्यंत तीनदा जाळं ओढलं, एक कासव मिळालं. साहेब पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून होता. खडीवाला खाली आला आणि मासे गेले कुठं म्हणून माझ्यावर खेकसला.

"बहिरं हाईत न्हवं, अण्णा," मी साहेबाला ऐकू जाईल असं म्हणाले. "जरा मोठ्यानं हाक मारून बघा."

साहेब हसला आणि रिकामी पिशवी घेऊन जीपमध्ये बसला.

मग खडीवाला नरमला. इंजिन बंद करतो, पुन्हा जाळं टाक म्हणाला. मी म्हणाले, आधी डोहावरची मशीन काढा. तो 'बघू' म्हणाला. मी जाळं गुंडाळलं. नंतर नदीच्या दोन्ही काठांवरच्या भोयांच्या घरी मी स्वतः चालत गेले. त्याच्या खाणीत कुणीही जाळं टाकलं नाही.

मशीन त्यानं हलवली नाही ती नाहीच. पण उन्हाळ्यात खाण आटली, मासे पोट वर करून तरंगले आणि घाण वास त्याच्या सोप्यापर्यंत पोचला. वखारीची माझी वाट दुसरीकडून होती. ते पंधरा दिवस मी रोज त्याच्या दारावरून गेले, सावकाश.